खापरपणजीचं नाव कुठल्या रकान्यात असतं?

आज जुन्या सरकारी कागदांतून चालायचंय.

जात पडताळणीसाठी वंशावळ कधी काढलीय? ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून लोक आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे वर चढत जातात. आमच्या मोझरीच्या घरीही तशी एक वंशावळ आहे. तीन पिढ्या, अकरा चौकोन, सगळे पुरुष. ती बघताना मला प्रश्न पडला की या अकरा जणांना जन्म कुणी दिला? मग मी एकच चौकोन शोधायला घेतला: माझ्या पणजोबांची आई, म्हणजे खापरपणजी. साधारण १८८० च्या दशकातला जन्म.

गुरुकुंज मोझरी म्हटलं की तुम्हाला तुकडोजी महाराजांचा आश्रम आठवणार. तो १९३५ चा. ही बाई त्याच्या कितीतरी आधी या गावात सून म्हणून आली. तेव्हाचा वऱ्हाड कागदावर निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा, १८५३ च्या तहापासून. इंग्रजांना नोंदींचा भारी सोस. म्हणून आपल्याकडे कोतवाल बुक सापडतं. कोतवाल गावातल्या जन्म-मृत्यूची खबर द्यायचा, ती या वहीत उतरायची.

आता यातली गंमत ऐका. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: या डेटाबेसची प्रायमरी की पुरुष आहे. आमच्या हाती आलेल्या पानांवर जन्माची नोंद अशी असते: तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. पोरीचं नाव नाही, आईचंही नाही. तीच पोर म्हातारी होऊन मेली की 'अमक्याची बायको'. आणि या दोन नोंदी दोन वेगळ्या गावांत! जन्म माहेरच्या वहीत, मरण सासरच्या वहीत. अनेक घरांत तर लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नावही लिहायचे. म्हणजे की पण बदलली. दोन नोंदी जोडणारा धागा एकच, कुणाच्या तरी तोंडी राहिलेलं माहेरचं गाव.

आजीला विचारलं तर म्हणाली, "तिचं नाव कोनी घेतच नव्हतं बाप्पा. समदे तिले मोठ्या घरची बुढी म्हनत."

इथे मला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. आपल्याच वऱ्हाडातल्या. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली, अपिलात ती कमी होऊन काळं पाणी झालं. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. दोष बायकांचे म्हणता, ते पुरुषांत नाहीत का, असा थेट सवाल. ओरड झाली. जोतीराव फुले १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

एवढी मोठी लेखिका, पण आयुष्याची माहिती विचाराल तर मूठभर. आणि ती कशी मिळते? वडिलांमुळे! बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. नवरा घरजावई होता. मला वाटतं, धागा टिकला तो यामुळेच. ताराबाई माहेरी राहिल्या, शिंदेच राहिल्या, म्हणून दोन नोंदी दोन गावांत फाटल्या नाहीत. त्या सासरी गेल्या असत्या आणि पुस्तक लिहिलं नसतं, तर त्याही कुणाच्या तरी घरची बुढीच.

माझ्या खापरपणजीने पुस्तक लिहिलं नाही. पण तिचं नाव मला सापडलं, जमिनीच्या एका जुन्या फेरफारात. नवरा तरुणपणी वारला, मुलगा लहान. शेत मुलाच्या नावावर चढलं, आणि अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून आईचं नाव लिहावं लागलं. आज सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' दिसतं ना, त्याच प्रकारची नोंद. कागद मोडीत होता, मोडी वाचणाऱ्या एका काकांकडून वाचून घेतला. (मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. आपल्या फोनच्या मानाने ती अजून बाळच आहे.) सगळ्या आयुष्यात सरकारने तिला नावाने विचारलं ते एकदाच, आणि तेही नवरा मेल्यावर. काकांनी नाव मोठ्याने वाचलं तेव्हा आजी दोनदा तेच पुटपुटली. नाव मी घरच्यांपुरतं ठेवतो.

नाव हाती आल्यावर आजीला पुन्हा छेडलं, या वेळी फक्त माहेराबद्दल. तेव्हा निघालं: कौंडण्यपुराकडलं, वर्धेच्या काठचं. रुक्मिणीचं माहेर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, आणि त्याच वाटेवरचं आमच्या घरातल्या बाईचं माहेर एका म्हातारीच्या डोक्यात उरलं होतं. तुमच्या घरी ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर आधी हेच विचारा: तुझ्या सासूचं माहेर कोणतं, आणि तिच्या सासूचं? नावं मागाहून सापडतात. गाव गेलं की संपलं.

त्या गावच्या कोतवाल बुकात तिच्या बापाच्या नावापुढे तीन वर्षांच्या अंतराने दोन नोंदी आहेत. दोन्हींपुढे एकच शब्द, 'मुलगी'. यातली आमची कोणती, ते वही सांगत नाही. मी घरच्या प्रतीत बारावा चौकोन काढलाय, त्यात नाव लिहिलंय, आणि जन्मतारखेच्या जागी दोन्ही तारखा.