ट्रायजेमिनल तंत्रिका व तिचे विकार

ट्रायजेमिनल तंत्रिका (त्रिमूल तंत्रिका) : मेंदूशी थेट जोडलेल्या तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी. मस्तिष्क तंत्रिकांत ती सर्वांत जाड असते. चेहरा, डोळ्याचा दर्शनी भाग, नाकाची पोकळी, दात, हिरड्या व जिभेचा पुढचा भाग यांतील स्पर्श, वेदना आणि तापमानाची जाणीव ती मेंदूकडे नेते. चावण्याचे स्नायूही तिच्याच ताब्यात असतात. तिच्या विकारांची दोन टोके आहेत : असह्य कळ आणि पूर्ण बधिरता. कळीवरील उपचारांचा शोध गेली अडीचशे वर्षे चालू आहे. बधिरतेचा प्रश्न कुष्ठरोगामुळे भंडाऱ्यासह पूर्व विदर्भाला अधिक जवळचा आहे.

रचना व कार्य : मेंदूच्या खोडातील ‘सेतू’ या भागातून निघालेली ही तंत्रिका कवटीच्या तळाशी एका गुच्छिकेत (तंत्रिकापेशींच्या पुंजक्यात) येते. तेथून तिच्या तीन शाखा होतात. पहिली कपाळ व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. खालची दाढ काढण्यापूर्वी दिलेल्या इंजेक्शनाने अर्धा ओठ जड होतो, कारण तिसऱ्या शाखेची उपशाखा तात्पुरती बंद पडते. भंडारा जिल्ह्यातील पवनी-आसगाव भागाच्या शेजारच्या भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे. तिचा जिभेवरचा झणका ही चव नसून याच तंत्रिकेने नेलेली दाहाची जाणीव होय. मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये लावला. ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तंत्रिकाशूल : चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येते, थांबते व पुन्हा येते. तोंड धुणे, घास चावणे, बोलणे, गार वाऱ्याची झुळूक एवढेही निमित्त पुरते. कळीच्या धास्तीने काही पुरुष एका गालाची दाढी करणेच सोडतात. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. दुखणे दाढेतच आहे असे वाटल्याने चांगल्या दाढा काढल्या जातात आणि कळ तशीच राहते. निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते; रक्तवाहिनीचा दाब, गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हे कारण आहे का, हे पाहण्यासाठी एमआरआय करतात. सुश्रुतसंहितेतील अकरा शिरोरोगांपैकी ‘अनंतवात’ याच्याशी आयुर्वेदाचे अभ्यासक या विकाराची सांगड घालतात.

संशोधन : फ्रेंच शल्यविशारद निकोला आंद्रे यांनी 1756 मध्ये या शूलाला नाव दिले आणि जॉन फॉदरगिल यांनी 1773 मध्ये त्याचे नेमके वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुच्छिका किंवा तिची मुळे कापण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या; कळ जाई, पण चेहरा बधिर होई. वॉल्टर डँडी यांना शस्त्रक्रिया करताना अनेक रुग्णांत रक्तवाहिनी तंत्रिकेला टेकलेली दिसली. 1960 च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ती वाहिनी बाजूला करून मध्ये मऊ गादी ठेवण्याची पद्धत रूढ केली. अशा 1,185 रुग्णांचा पाठपुरावा 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दहा वर्षांनंतर सुमारे 70 टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. औषधांत 1962 पासून वापरात आलेले कार्बामाझेपिन आजही पहिले मानले जाते. मात्र ते घेताना अंगावर पुरळ उठल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे लागते.

या तंत्रिकेच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठी दुर्मीळ आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अतुल गोयल व सहकाऱ्यांनी अशा 73 रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा अनुभव 2003 मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात मांडला. अर्धशिशीतही या तंत्रिकेच्या टोकांतून सीजीआरपी हे प्रथिन स्रवते. ते रोखणारी औषधे 2018 पासून वापरात आली.

नागीण व कुष्ठरोग : नागिणीचा विषाणू या तंत्रिकेच्या गुच्छिकेत वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. तो पुन्हा जागा होऊन नाकाच्या शेंड्यावर पुरळ उठल्यास डोळ्यालाही धोका असल्याचे समजावे.

कुष्ठरोगात पहिली शाखा दुखावली की बुबुळावरील पारदर्शक पडद्याची संवेदना जाते. गव्हाचे कूस किंवा धुळीचा कण डोळ्यात गेला तरी खुपत नाही आणि पापणी मिटत नाही. त्यातच पापणी मिटवणारी सातवी तंत्रिकाही लुळी पडली तर डोळा उघडाच राहतो, कोरडा पडतो, जखमेत पू होतो आणि दृष्टी जाते. वर्धा येथे 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. रा. वि. वार्डेकर यांच्या पुढाकाराने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार यांची सांगड घातली. पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमानेही तीच वाट धरली. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आले. 2005 अखेर भारताने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, तरी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत नवे रुग्ण सापडतच आहेत. तेथे आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन चट्टे तपासतात.

कळ माणसाला दवाखान्यात धाडते, बधिरता मात्र घरीच बसवते. म्हणून दोन्हींत बधिरता अधिक घातक. आसगावसारख्या गावात कोणाच्या चेहऱ्यावर न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल किंवा लाल झालेला डोळा खुपत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवण्यास उशीर करू नये. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेवर घेतली तर डोळा वाचतो.