सुरीचे निसर्गदृश्य : साधन, स्मृती आणि माध्यम

पॅलेट नाइफने रंगवलेल्या तैलचित्रांविषयी, विशेषतः प्रवासातून आणि निसर्गदर्शनातून स्फुरलेल्या चित्रांविषयी, एक समज दीर्घकाळ रूढ आहे. चित्रकार एखाद्या डोंगरापुढे किंवा समुद्रापुढे उभा राहतो, दृश्याने भारावतो, ब्रशचा संथपणा त्याला सोसवेनासा होतो आणि तो सुरीने रंग थापू लागतो. चित्रफलकावरचा जाड थर हा मग त्या भारावलेपणाचा पुरावा ठरतो. रंगाच्या जाडीवरून अनुभवाची उत्कटता मोजण्याची ही रीत साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. उत्स्फूर्तता हाच अस्सलपणाचा निकष मानणाऱ्या स्वच्छंदतावादी काव्यविचाराची ती चित्रकलेतील प्रतिकृती होय. या साधनाचा इतिहास तपासला असता मात्र निराळे चित्र समोर येते. ज्या कृतींनी सुरीला कलात्मक प्रतिष्ठा मिळवून दिली त्यांपैकी अनेक कृती निसर्गाच्या सान्निध्यात नव्हे, तर त्यापासून दूर, स्टुडिओत, कधी कधी तर दर्शनानंतर अनेक वर्षांनी निर्माण झाल्या. सुरीचा संबंध साक्षात दर्शनापेक्षा दर्शन आणि आविष्कार यांमधील अंतराशी अधिक आहे.

मुळात हे चित्र काढण्याचे साधनच नव्हते. लवचिक पोलादी पाते असलेली ही सुरी पॅलेटवर रंग कालवण्यासाठी आणि नको असलेला रंग खरवडून काढण्यासाठी वापरली जाई. गवंड्याच्या थापीसारखी, दांड्याजवळ वाकवलेली चित्रणाची खास सुरी हे तिचे पुढचे रूप. सतराव्या शतकात रेम्ब्राँच्या उत्तरकालीन चित्रांत सुरीने रचलेले थर दिसतात. परंतु निसर्गचित्राचे साधन म्हणून तिचा सातत्याने विचार झाला तो एकोणिसाव्या शतकात. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढता येईल अशा कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि पुढे घट्ट, एकजिनसी रंग तयार स्वरूपात मिळू लागला. या भौतिक बदलाने जाड रंगलेपन सुकर केले. त्याची गरज मात्र आधीच निर्माण झाली होती.

ती गरज कोणती, हे ब्रश आणि सुरी यांच्या व्याकरणातील फरकावरून ध्यानात येते. ब्रशचे टोक आकाराच्या कडेने जाऊ शकते. पान, फांदी, खिडकी यांना ते वेगवेगळे ओळखून वेगवेगळे दाखवू शकते. सुरीला हे सहजी साधत नाही. ती एक सपाट पट्टा ठेवते आणि त्याच्या काठाशी रंगाचा उंचवटा सोडते. पात्यावर घेतलेले दोन-तीन रंग पूर्णपणे न मिसळता एकाच फटकाऱ्यात उमटतात. वाळलेल्या थरावरून हलकेच फिरवली असता ती केवळ उंच भागांना रंग लावते आणि खालचा थर मधून मधून उघडा राहतो. वर्णनाच्या परिभाषेत सांगायचे तर ब्रश वस्तूंना नावे देऊ शकतो, सुरीला वस्तूंची नावे ठाऊक नसतात. निसर्गचित्रणात सुरी आली ती नाव देण्याची ही शक्ती अपुरी वाटू लागल्यामुळे.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तो आयुष्यात कधी इंग्लंडबाहेर गेला नाही, आणि उघड्यावर बसून केलेल्या लहान तैल-अभ्यासांसाठी तो प्रसिद्ध आहे. परंतु सुरीचा सर्वांत निर्भीड वापर त्याने स्टुडिओत केलेल्या, प्रदर्शनासाठी नसलेल्या, पूर्ण आकाराच्या कच्च्या चित्रांत केला. हॅडली येथील पडक्या किल्ल्याला त्याने 1814 मध्ये भेट दिली आणि पेन्सिलीने एक छोटे रेखाटन केले. त्या दृश्याचे मोठे तैलचित्र मात्र 1829 मध्ये झाले. मधल्या काळात, नोव्हेंबर 1828 मध्ये, त्याची पत्नी मरिया क्षयाने मृत्यू पावली होती. पूर्ण आकाराच्या कच्च्या चित्रात आकाश, खाडी आणि भग्न बुरूज सुरीने खरवडल्यासारखे उमटले आहेत. पंधरा वर्षांपूर्वीच्या दृश्याचे तपशील येथे पुसट आहेत, आणि त्यांच्या जागी रंगद्रव्याचा खडबडीतपणा आला आहे. प्रदर्शित चित्रात हा खडबडीतपणा कॉन्स्टेबलने बराच आवरला. तरीही त्याच्या चित्रांवरील पांढऱ्या ठिपक्यांची समकालीन टीकाकारांनी ‘बर्फ’ म्हणून टिंगल केलीच. तत्कालीन अभिरुचीला निसर्गात द्रव्य नको होते, दृश्य हवे होते.

गुस्ताव्ह कूर्बेने ही मर्यादा ओलांडली. फ्रान्सच्या पूर्वेकडील ओर्नां या गावी 1819 मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराच्या परिसरात चुनखडकाचे उंच कडे आणि लू नदीचे गुहेतून बाहेर पडणारे उगमस्थान होते. 1864 मध्ये त्याने या उगमाची अनेक चित्रे केली. गडद पार्श्वरंगावर सुरीने फिकट थर चढवत नेण्याच्या त्याच्या पद्धतीत कड्याचा पृष्ठभाग आणि चित्राचा पृष्ठभाग यांत एक नवे नाते निर्माण झाले. येथे चित्र खडकाचे वर्णन करीत नाही. थरावर थर साचून खडक ज्या रीतीने घडतो, त्या रीतीची पुनरावृत्ती करते. चार्ल्स पर्सच्या चिन्हमीमांसेच्या भाषेत, साम्यावर आधारलेल्या चिन्हाबरोबर येथे प्रत्यक्ष क्रियेचा माग दाखवणारे चिन्हही कार्यरत होते. कूर्बेचा वास्तववाद विषयाच्या निवडीपुरता मर्यादित मानला, तर हा महत्त्वाचा भाग निसटतो.

कूर्बे हे या लेखातील प्रतिपादनाला छेद देणारे उदाहरणही आहे, कारण 1869 च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रेता येथे तो खरोखरच समुद्रासमोर राहिला होता. पण लाटेच्या चित्रांची त्याने एवढी आवर्तने केली की त्यांतील प्रत्येक लाट ही पाहिलेल्या लाटेपेक्षा आधी रंगवलेल्या लाटेची अधिक जवळची नातलग ठरते. पुढे पॅरिस कम्यूनच्या काळात व्हाँदोम स्तंभ पाडल्याच्या प्रकरणी त्याला 1871 मध्ये कारावास झाला आणि 1873 मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला. स्तंभाच्या पुनर्बांधणीचा तीन लाख फ्रँकांहून अधिक खर्च त्याच्यावर लादण्यात आला होता. या विपन्नावस्थेत साहाय्यकांच्या मदतीने निसर्गचित्रे तयार होऊ लागली आणि 1877 मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर अस्सल-नकलेचा प्रश्न अभ्यासकांपुढे कायमचा उभा राहिला. उत्कटतेची खूण मानले गेलेले सुरीचे फटकारे दुसऱ्याच्या हातून सहज उमटू शकत होते. शैलीची लकब होते ती अशी. आजही पर्यटनस्थळी विकल्या जाणाऱ्या सुरीच्या चित्रांत जाडी भरपूर असते. तिच्यामागे अनुभव असेलच असे नाही.

विसाव्या शतकात प्रवास आणि सुरी यांचे नाते निकोला द स्तालच्या चित्रांत सर्वाधिक स्पष्ट झाले. 1914 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेला आणि क्रांतीनंतर कुटुंबासह परागंदा झालेला हा चित्रकार ऑगस्ट 1953 मध्ये सिसिलीला गेला. तेथे त्याने वह्यांत रेखाटने केली. आग्रिजेंतोची प्रसिद्ध चित्रमालिका मात्र दक्षिण फ्रान्समध्ये परतल्यावर साकार झाली. काळे-जांभळे आकाश, पिवळी-तांबडी जमीन आणि क्षितिजाकडे धावणाऱ्या कडा, इतकेच काय ते सिसिलीतून उरले. जे नाहीसे झाले ते स्मृतीने गाळले, आणि सपाट पट्ट्यांत विचार करणाऱ्या साधनाने त्या गाळण्याला रूप दिले. प्रवासवर्णनाच्या वाङ्मयप्रकाराशी येथे तुलना करता येते. परतल्यावर, टिपणवहीच्या आधारे लिहिणारा लेखक बहुधा तपशिलांची भर घालून ‘मी तेथे होतो’ हे सिद्ध करू पाहतो. द स्तालने तपशील वजा करून तीच साक्ष दिली.

याच दशकात पॅरिसमध्ये सैयद हैदर रझा हा भारतीय चित्रकार अशाच प्रश्नाशी झुंजत होता. 1922 मध्ये मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात जन्मलेल्या रझांचे शिक्षण नागपूर आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. मुंबईच्या रस्त्यांची त्यांची सुरुवातीची निसर्गचित्रे जलरंगांतील होती. 1948 मध्ये काश्मीरमध्ये आँरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने त्यांना चित्राच्या बांधणीकडे लक्ष देण्याचा आणि सेझान अभ्यासण्याचा सल्ला दिला. हा सल्ला सूचक होता, कारण सेझाननेही 1866 च्या सुमारास, कूर्बेच्या प्रभावाखाली, सुरीने घडवलेल्या व्यक्तिचित्रांतून रंगाला बांधकामाचे द्रव्य मानायला आरंभ केला होता. 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेलेल्या रझांनी प्रथम काटेकोर, भौमितिक घरांची चित्रे केली. दशकाच्या मध्यास ते तैलरंगांकडे वळले, आणि घरे, चर्च व झाडे सुरीने लावलेल्या जाड थरांत विरघळू लागली. 1956 मध्ये त्यांना फ्रेंच समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितिक’ हा पुरस्कार मिळाला. चित्रांना नावे फ्रेंच गावांची असली, तरी त्या गावांचा पत्ता चित्रात सापडेनासा झाला होता. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात अध्यापनासाठी गेल्यानंतर रझा अॅक्रिलिक रंगांकडे वळत गेले आणि सुरी मागे पडली. पण स्थळाला नावापासून सोडवण्याचे काम तिने तोवर पूर्ण केले होते. मंडल्याची अरण्ये आणि पुढे बिंदू त्यांच्या चित्रांत येऊ शकले ते या मोकळ्या झालेल्या अवकाशात.

रझांनी सुरीने रंग चढवला. वासुदेव गायतोंडे यांनी तिचे मूळचे काम तिला परत दिले. 1924 मध्ये नागपूरला जन्मलेल्या आणि मुंबईच्या त्याच कलाशाळेत शिकलेल्या गायतोंडे यांची प्रमुख साधने रोलर आणि पॅलेट नाइफ ही होती. वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणाऱ्या या चित्रकाराने रंग लावणे आणि काढून घेणे यांना समान मोल दिले. त्यांच्या चित्रांत पाहणाऱ्याला पाणी, धुके, क्षितिज दिसते. त्यांनी स्वतः मात्र आपल्या कलेला ‘अवस्तुनिष्ठ’ म्हणणे पसंत केले. सुरीचा प्रवास येथे एका टोकाला पोहोचतो. निसर्गाला नाव न देणारे साधन अखेर निसर्गाचा उल्लेखही नाकारते, आणि तरीही प्रेक्षक तेथे निसर्गच शोधत राहतो.

मराठी समीक्षेसाठी या इतिहासात एक आव्हान आहे. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची मीमांसा करताना संवेदनांच्या रचनेला मध्यवर्ती स्थान दिले. सुरीने लावलेला रंग ही शुद्ध रंगसंवेदना नसते. त्याच्या उंचवट्यांवर खोलीतील उजेड पडतो, सावली पडते, कालांतराने त्याला भेगा जातात; तो डोळ्यांना दिसण्याआधीच एक वस्तू असतो. संवेदनेच्या मागे उभे असलेले हे द्रव्य माध्यमाच्या विचारात कोठे बसवायचे, हा प्रश्न शब्दकलेलाही लागू आहे. उच्चाराचा अडखळ, वाक्याचा खडबडीतपणा, बोलीची जाडी यांना आजही समीक्षा बहुधा ‘अस्सल अनुभवाची’ खूण मानून मोकळी होते. कूर्बेच्या साहाय्यकांनी ही खूण किती सहज उमटवता येते ते दाखवले आहे. खडबडीत पोताच्या लेखनापुढे म्हणूनच विचारायला हवे ते हे की, वस्तूला नाव देण्याचे कोणते मार्ग त्याने सोडून दिले, आणि सोडून दिल्यामुळे त्याला काय दाखवता आले. हॅडलीच्या बुरुजापाशी पंधरा वर्षांनी कल्पनेने परतलेल्या कॉन्स्टेबलला तपशील आठवत होते की नाही हा प्रश्न गौण आहे. ते गाळल्यावर जे उरले, ते त्याला सुरीवाचून दाखवता आले नसते.