ध्वनिमुद्रित संभाषण : साठवण आणि शोध

शेअर दलालाला दूरध्वनीवरून दिलेला खरेदी-विक्रीचा आदेश तोंडी असला, तरी त्याचा पुरावा राखावा लागतो. 'सेबी'ने मार्च २०१८ मधील परिपत्रकाद्वारे अशा आदेशांचे ध्वनिमुद्रण दलालांना बंधनकारक केले. एखाद्या व्यवहाराविषयी वाद उद्भवल्यास पुरावा सादर करण्याची जबाबदारी दलालावर असते. म्हणूनच संभाषण मुद्रित करण्याइतकेच ते वेळेवर सापडणेही महत्त्वाचे ठरते.

कार्यालयातील टेलिफोन एक्स्चेंजचे काम आता अनेक ठिकाणी संगणकप्रणालीच करते. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'ॲस्टेरिस्क' ही अशीच एक मुक्त प्रणाली होय. तिच्यातील 'मिक्समॉनिटर' ही सुविधा दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एका फाईलमध्ये साठवते. कोणी, कोणाला, केव्हा आणि किती सेकंद फोन केला, याची नोंद मात्र 'सीडीआर' या स्वतंत्र नोंदवहीत होते.

शोध घ्यायचा तो या नोंदवहीत. प्रत्येक कॉलला प्रणाली एक विशिष्ट क्रमांक देते. तो फाईलच्या नावात समाविष्ट केल्यास नोंद आणि आवाज यांचा दुवा कायम राहतो. अन्यथा हजारो फाईल एकेक करून ऐकण्याची वेळ येते. सर्व्हरच्या घड्याळाकडेही लक्ष हवे. ते जागतिक प्रमाणवेळेवर असल्यास सकाळी ९.१५ चा कॉल पहाटे ३.४५ च्या नावाने साठवला जाऊ शकतो.

जागेचा हिशेबही आवश्यक आहे. साध्या 'वेव्ह' स्वरूपात एका मिनिटाच्या संभाषणाला सुमारे ९६० किलोबाइट जागा लागते. दहा वाहिन्यांवर रोज प्रत्येकी पाच तास बोलणे झाल्यास दिवसाला जवळपास २.९ गिगाबाइट साठा होतो. 'जीएसएम' स्वरूपात तो एक दशांशावर येतो. मात्र आवाजाची स्पष्टता काहीशी कमी होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाईलचे 'हॅश' मूल्य नमूद करायचे असते. फाईलमध्ये किंचितही बदल झाल्यास हे मूल्य बदलते. त्यामुळे मूळ फाईल साठवतानाच त्याची नोंद करून ठेवणे आणि वाद मिटेपर्यंत ती फाईल न पुसणे हिताचे ठरते.