बेका ते गझीर : द्राक्षांचा युद्धातला रस्ता

शातो मुसार या लेबनॉनमधल्या रेड वाइनच्या बाटल्यांवर छापलेली वर्षं एका रांगेत वाचा. 1974, 1975, आणि मग एकदम 1977. मधलं 1976 गायब आहे. ते वर्ष यादवी युद्धाने गिळलं.

मी नाशिक जिल्ह्यातला, द्राक्षवाल्यांच्या घरातला. पिकलेला माल कुणासाठी थांबत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. म्हणून मुसारची गोष्ट वाचताना मला वाइनच्या चवीपेक्षा ट्रकची जास्त काळजी वाटते.

सुरुवात 1930 ची. लेबनॉनवर तेव्हा फ्रान्सची सत्ता होती. बोर्दोहून परतलेल्या, जेमतेम विशीतल्या गॅस्टन होशारने बैरुतच्या उत्तरेला गझीर गावातल्या एका जुन्या गढीत वाइन करायला घेतली. द्राक्षं मात्र यायची डोंगरापलीकडच्या बेका खोऱ्यातून, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंचीवरून. वाइन या खोऱ्याला नवी नव्हती. तिथल्या बालबेकमध्ये रोमन काळात बांधलेलं बाकसचं, म्हणजे वाइनच्या देवाचं, प्रचंड मंदिर आजही उभं आहे.

मग बागा एकीकडे आणि तळघर दुसरीकडे, असं का? असं सांगतात की, बेका पुढे लेबनॉनमध्येच राहील की सीरियात जाईल, याची तेव्हा खात्री नव्हती. म्हणून वाइनरी समुद्राच्या बाजूला ठेवली. तेव्हा हा शहाणपणा होता. पंचेचाळीस वर्षांनी तोच अंगावर आला.

1959 मध्ये गॅस्टनचा मुलगा सर्ज याने वाइन बनवण्याचं काम हातात घेतलं. (सर्ज होशार हे नाव मराठी कानांना 'हुशार' असं ऐकू येतं, त्याला इलाज नाही.) धाकटा भाऊ रोनाल्ड पैसा आणि विक्री बघू लागला. मुसारची मुख्य रेड वाइन तीन जातींच्या मिश्रणातून होते: काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कॅरिन्यान. तिन्ही आधी वेगवेगळ्या सिमेंटच्या टाक्यांत आंबवतात, मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत ठेवतात. त्यानंतर मिश्रण, त्यानंतर बाटल्या, आणि बाटल्या पुन्हा काही वर्षं तळघरात. काढणीपासून बाजारापर्यंत सात वर्षं जातात.

आता हा सात वर्षांचा हिशेब युद्धाशेजारी ठेवून बघा. 1975 मध्ये यादवी सुरू झाली. त्या वर्षीची द्राक्षं विकायला तयार होणार 1982 मध्ये, आणि 1982 मध्येच इस्रायलचं सैन्य बैरुतपर्यंत आलं. 1983 ची वाइन तयार होणार 1990 मध्ये, म्हणजे युद्ध संपलं त्या वर्षी. पुढच्या आठवड्यात रस्ता उघडा असेल का, हे ठाऊक नसताना ही माणसं सात वर्षांनंतरचा माल भरत होती.

रस्ता हीच खरी अडचण होती. बेकामध्ये सीरियाचं सैन्य, गझीर ख्रिस्ती मिलिशियांच्या भागात, आणि मध्ये डोंगर. लेबनॉनमध्ये तेव्हा ओळखपत्रावर धर्म लिहिलेला असे आणि नाक्यांवर तो बघून माणसं मारली गेली आहेत. अशा नाक्यांमधून द्राक्षांचे ट्रक जात होते. 1984 मध्ये तर नेहमीचे रस्ते बंद झाले. ट्रक कित्येक दिवस वाटेत अडकले आणि द्राक्षं ट्रकमध्येच आंबू लागली. ती वाइन नेहमीच्या मालासारखी बाजारात गेली नाही. गंमत म्हणजे त्याच 1984 मध्ये ब्रिटनच्या 'डिकँटर' मासिकाने आपला पहिलावहिला 'मॅन ऑफ द इयर' हा सन्मान सर्ज होशारला दिला.

हा सन्मान ब्रिटनमधून येण्यामागेही युद्धच आहे. आधी मुसार प्रामुख्याने लेबनॉनमध्येच खपायची. युद्धाने ते गिऱ्हाईक संपवलं, म्हणून सर्ज बाटल्या घेऊन बाहेर पडला. 1979 मध्ये ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात मायकल ब्रॉडबेंट या नामवंत जाणकाराने मुसारची 1967 ची रेड चाखून तिचं कौतुक केलं आणि नाव झालं. ज्या युद्धाने घरची बाजारपेठ बुडवली, त्यानेच परदेशातली उघडून दिली.

इथे मला एक गोष्ट खटकते. 'बॉम्ब पडत असताना बनलेली वाइन' ही कहाणी विकायला फार सोयीची आहे. लंडनमधला माणूस ग्लास फिरवत ती ऐकतो आणि त्याला वाइन अजून चांगली लागते. सर्जचं धाडस खोटं नाही. देश सोडून जाणं त्याला शक्य होतं, तरी तो राहिला. पण नाक्यावर ट्रक थांबवून ओळखपत्र पुढे करणारा हात ड्रायव्हरचा होता. तोडणी करणाऱ्यांनी ती द्राक्षं त्याच खोऱ्यात उभं राहून तोडली. त्यांना कुणी मासिकाने सन्मान दिला नाही.

31 डिसेंबर 2014 ला मेक्सिकोत पोहताना सर्जचा मृत्यू झाला. वाइनरी आता कुटुंबाची तिसरी पिढी चालवते आणि द्राक्षं आजही डोंगर ओलांडूनच गझीरला येतात. आपण इतिहास बहुतेक वेळा मालकाच्या नावाने लिहितो, कारण बाटलीवर तेच छापलेलं असतं. पण 1977 किंवा 1983 ची बाटली आज कुठे शिल्लक असेल, तर तिचा साधा अर्थ एवढाच आहे: त्या वर्षी कुणीतरी ट्रक वेळेत पोहोचवला.