एक चूल, दोन भांडी : मावळातल्या घरांचा एक न लिहिलेला इतिहास

मळवलीत उभं राहून इतिहासावर बोलायचं म्हटलं की माणसं आधी उत्तरेला बोट दाखवतात, मग दक्षिणेला. उत्तरेला कार्ल्याची लेणी, दक्षिणेला भाज्याची, आणि त्यांच्या पाठीमागं लोहगड-विसापूर. मी आज त्या डोंगरांवर फार वेळ थांबणार नाही. मला खाली यायचंय, देवले, पाटण, बोरज, भाजे, कार्ले या गावांतल्या घरांत, आणि घरातही थेट चुलीपाशी. विषय असा, की नवऱ्याच्या आणि बायकोच्या जिभेला वेगवेगळं लागतं तेव्हा घरात काय शिजतं, आणि ते कोण शिजवतं.

तरी सुरुवात कार्ल्यापासूनच करतो, कारण या भागात जेवणाबद्दलचा इतका जुना लेखी पुरावा दुसरा मला माहीत नाही. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात उषवदाताचा लेख कोरलाय. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यात तो सांगतो, की वलुरकाच्या लेण्यांत म्हणजे इथल्या कार्ल्याच्या लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या सगळ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं. कोण कुठल्या पंथाचा, कुठून आला, असा भेद न करता. मावळातला पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! चार महिने भिक्षेला बाहेर पडणं मुश्किल, म्हणून गावाच्या उत्पन्नातून जेवणाची सोय.

याच लेखात उषवदात आपली बाकीची दानंही मोजून दाखवतो. तीन लाख गाई दिल्या. दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घातलं. आणि प्रभासतीर्थी ब्राह्मणांना आठ बायका दिल्या. गाई, गावं, बायका, एका ओळीत. लाख पानं वाढली, हे दगडावर आलं. ती कुणी रांधली, याबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडच्या अन्नाच्या इतिहासाचं हे असंच आहे. दान देणारा सापडतो, व्रत करणारा सापडतो, उपास सोडणारा सापडतो. जाळापुढं बसलेली बाई सापडत नाही, तिला शोधावं लागतं.

आता मावळातला खरा पेच काय, तो बघू. त्याच कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा आई बसलीये. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, अशा कितीतरी लोकांची ती कुलदेवता. चैत्रात सप्तमीला पालखी निघते तेव्हा मुंबई, ठाणे, रायगडकडून माणसं येतात. मळवली स्टेशनानं त्या गर्दीचा भार पिढ्यान्पिढ्या उचललाय. देवीला मान असतो कोंबड्या-बोकडाचा, आणि जत्रेचं जेवण म्हणजे सागुती. हे झालं एक टोक.

दुसरं टोक इंद्रायणीच्या काठानं खाली जातं. नदी उगम पावते लोणावळ्याच्या बाजूला, आपल्या शिवारातून वाहते आणि पुढं देहूला, आळंदीला पोचते. त्या वाटेनं उलट दिशेला वर आली ती तुळशीची माळ. एकदा माळ गळ्यात पडली की वशाट बंद, दारू बंद, एकादशीला उपास, वर्षाला वारी. मावळात गावोगाव माळकरी आहेत, आणि गावोगाव एकवीरेचे, आपापल्या ग्रामदैवताचे भक्तही आहेत. बऱ्याचदा ते एकाच घरात आहेत. त्याहून बऱ्याचदा ते एकमेकांचे नवरा-बायको आहेत.

म्हणजे बघा, सासर माळकऱ्यांचं आणि सून जिथून आली तिथं दर रविवारी कालवण. किंवा उलटं : लग्नानंतर दहा वर्षांनी नवऱ्यानं आळंदीला जाऊन माळ घातली. त्याला विचारून घातली नव्हती हो कुणी, त्यानंच ठरवलं. ठरवलं त्यानं, पण दुसऱ्या दिवसापासून बदलायचं कुणी? भांडी वेगळी काढायची कुणी? त्याचं ताट, त्याची तवली, त्याचा तवा वेगळा ठेवायचा, आणि पोरांना हवं असलं तर त्यांचं कालवण पडवीत किंवा परसात तीन दगड मांडून शिजवायचं. माळ एकाच्या गळ्यात, स्वयंपाक दोनदा.

याला आपण मोठ्या कौतुकानं सहिष्णुता म्हणतो. एका घरात दोन चुली नांदल्या, असं म्हणतो. नांदल्या, खरंच नांदल्या, आणि त्यावरून घरं फुटली नाहीत ही लहान गोष्ट नाही. पण दोन्ही चुलींत लाकूड सारणारे हात एकाच बाईचे होते, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पूर्ण होत नाही.

बरं, घरं निभावली कशी? मला वाटतं, दोन गोष्टींमुळं. एक म्हणजे पंचांग. श्रावण पाळायचा, चातुर्मासात जमेल तेवढं पाळायचं, सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. न माळकऱ्यानंही हे दिवस सोडायचे. मग आखाडात तो सगळं उट्टं काढतो, ते वेगळं! हिशेब केला तर वशाट खाणाऱ्याच्या घरातही वर्षातले बरेच दिवस डाळ-भात, पिठलं, पालेभाजीच. कुणी कुणाला नमवलं नाही, तिथीनं नमवलं. नवरा-बायकोत जे भांडण झालं असतं ते देवाच्या नावावर मिटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे वैल. आताच्या पोरांना शब्द माहीत नसेल. मातीच्या चुलीला मुख्य तोंडाशेजारी आणखी एक तोंड असतं, आतून जाळ तिकडं वळतो, त्याला वैल म्हणतात. पुढं भाकरी, वैलावर कालवण. मांसाचं असलं तर बाहेरच, पण एकाला तिखटजाळ आणि एकाला सपक, एकाला भात आणि एकाला भाकरी, हे वैलावर निभतं. एका जाळात दोघांचं. ज्या कुंभारणीनं किंवा घरधनिणीनं ही सोय काढली तिला घरं ठाऊक होती.

भात-भाकरीवरून आठवलं. मावळ हा भाताचा मुलूख. खाचरात भात, उतारावर नाचणी नि वरई. पूर्वेला पुण्याच्या पलीकडं गेलात की पाऊस आटतो आणि ज्वारी-बाजरी सुरू होते. एकाच जिल्ह्यात ही दोन जगं. शिरूर-दौंडकडची मुलगी मावळात आली की पहिला महिना तिला जेवल्यासारखंच वाटत नाही, आणि इथली मुलगी तिकडं गेली की तिला बाजरीची भाकरी थापता येत नाही म्हणून बोलणी. भात पिकवणाऱ्यानं रोज भात खाल्ला असंही समजू नका. चांगला आंबेमोहर बाजारात जायचा, घरात नाचणीची भाकरी. आज ज्याच्या नावावर हॉटेलं चालतात तो इंद्रायणी तर परवाचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं तो आंबेमोहरापासून तयार केला आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. चव आपल्याला पुरातन वाटते, वय मात्र चाळिशीच्या आत.

आता या मुलखातल्या सगळ्यात प्रसिद्ध नवरा-बायकोकडं येतो. तुकोबा आणि जिजाई. आपण जिजाईला आवली म्हणतो आणि तोंडाळ, कजाग ठरवून मोकळे होतो. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आठवा. तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनीच अभंगात सांगितलंय. त्यानंतर तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायला लागले. भंडारा इंदोरीजवळ, म्हणजे आपल्याच मावळात. आणि परंपरा सांगते की जिजाई रोज भाकरी बांधून डोंगर चढायची, ते जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. एकदा पायात काटा मोडला आणि तो विठ्ठलानं काढला, अशी कथा आहे. महिपतीनं 1774 मध्ये ‘भक्तलीलामृत’ पुरं केलं, त्यात तुकोबांचं सविस्तर चरित्र आलं आणि पुढची कीर्तनं त्यावर पोसली.

मी ही कथा इतिहास म्हणून मांडत नाही. पण तिच्यात काय शिल्लक राहिलंय ते बघा. दुष्काळात ज्या घरानं एक बाई गमावली त्या घरात दुसरी बाई अन्नाबद्दल बोलणारच, मोठ्यानं बोलणार. तिला विठ्ठलाचा राग नव्हता, रिकाम्या मडक्याचा होता. नवऱ्याची भूक वेगळी, तिची वेगळी, आणि तरी भाकरी वर पोचत होती. कीर्तनकार काट्याशी थांबतात. पीठ कुठून आलं, हे मला विचारावंसं वाटतं.

अशा बाईनं स्वतः लिहिलं असतं तर? एका बाईनं लिहिलंय, पण ती मावळातली नाही. लक्ष्मीबाई टिळक. वडिलांना सोवळ्याचं जबर वेड, बाजारातून आलेली जिन्नसही धुऊन घ्यायची अशा घरात वाढलेली मुलगी. नवरा नारायण वामन टिळक, कवी, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत ख्रिस्ती झाला. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आले तेव्हा नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, आणि तिनं आपलं सोवळं, आपलं वेगळं शिजवणं, आपलं वेगळं पाणी सोडलं नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये हे सगळं आहे, 1934 पासून ते छापून यायला लागलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकात एका घरातल्या दोन स्वयंपाकांचं इतकं हसरं आणि इतकं जीवघेणं वर्णन मला सापडलेलं नाही.

तिथं माझं लक्ष एका गोष्टीकडं जातं. टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. जात माणसानं केलेली आहे, हे तिचं तिला पटलं, मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं तिनं ठरवलं, आणि त्यानंतर 1900 साली ती ख्रिस्ती झाली. म्हणजे बाप्तिस्मा नंतर, पाण्याचा घोट आधी. आणि मन तयार झालं तरी पोट लगेच तयार होत नाही, हेही ती लपवत नाही. चव ही काही नुसती जिभेची बाब नसते मंडळी, तिच्यात आई-बाप बसलेले असतात.

छापील पाकपुस्तकांत हे फारसं मिळत नाही. 1875 चं ‘सूपशास्त्र’, 1910 चं लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’, 1970 चं कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’, ही सगळी मोलाची पुस्तकं. पण पाकपुस्तक असं धरून चालतं की घरात सगळ्यांना एकच पदार्थ खायचाय. अर्धा मसाला घालून निम्मी आमटी बाजूला काढा, मग उरलेल्यात तिखट टाका, ही कृती कुठल्या पुस्तकात नसते आणि प्रत्येक घरात असते.

मावळानं या प्रश्नाला एक उत्तर मात्र जगाला दाखवलं, आणि तेही घराबाहेर. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, 1863 मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबई जवळ आली. इथली, मुळशीची, खेड-जुन्नरकडची माणसं पोटासाठी तिकडं गेली. त्यातूनच 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून डबेवाले सुरू झाले. आता गंमत बघा. डबेवाल्यांत कितीतरी माळकरी, वारकरी. आणि त्यांच्या डोक्यावरच्या पेटीत काय? गुजरात्याची ढोकळी, गोव्याकडच्याची मासळीची आमटी, मुसलमानाचं खिमा-पाव, शेजारी शेजारी. झाकण लावलेलं असतं, आत काय आहे याची चौकशी नाही. ज्याची चव त्याला पोचवायची. हा धडा त्यांना मुंबईनं शिकवला असं म्हणतात. मला वाटतं, दोन चुलींच्या घरात वाढलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही.

फक्त एक आहे. मुंबईत राहणाऱ्या त्या डबेवाल्याचा स्वतःचा डबा? बायको गावाकडं शेती बघायला. तो खोलीवर पाच-सहा जणांत राहायचा आणि भात-कालवण स्वतः रांधायचा. म्हणजे मावळातल्या पुरुषांना रांधता येतच नव्हतं, असं नाही. मुंबईत येत होतं. घाट चढून घरी आले की विसरत होते.

गॅस आला, दोन बर्नरची शेगडी आली, वैल गेला. हायवेला हॉटेलं झाली, आणि ज्याला खायचंय तो तिकडं खाऊन येतो, असा नवा करार बऱ्याच घरांत झालाय. पण जत्रेला मटण अजून परसात शिजतं, आणि ते शिजवायला पुरुष बसतात. तेव्हा मसाला वाटून कोण देतं, ते तुम्ही बघितलंय.

जात्यावरच्या ओव्या हा या इतिहासाचा मोठा साठा आहे. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण रोजच्या भांड्याचा हिशेब तिथंही पुरा नाही, तो तुमच्या घरात आहे. इथं बसलेल्या ज्यांच्या आई-आजीनं दोन प्रकारचा स्वयंपाक केला असेल, त्यांनी एवढंच करा : कुठलं भांडं कशासाठी होतं, ते कुठं टांगलेलं असायचं, आणि ती स्वतः शेवटी कशातलं जेवायची, हे विचारा आणि लिहून ठेवा.

मी इथं थांबतो. वेळ आहे, प्रश्न घेऊ. आधी मागच्या बाजूच्या बायका बोलू देत.