नैराश्य : लवकर ओळख आणि उपचार

सतत उदास वाटणे किंवा कशातही गोडी न उरणे, यांपैकी निदान एक लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग किमान दोन आठवडे टिकणारा मानसिक विकार. ‘उदासविकार’ आणि ‘अवसाद’ हे शब्दही यासाठी वापरतात. सोबत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता व स्वतःविषयीचे मत बिघडते. दुःख आणि नैराश्य एक नव्हेत. दुःखातला माणूस मधूनच हसतो, नातवंडाला जवळ घेतो. नैराश्यात तेही नकोसे होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातील २.७ टक्के प्रौढांना त्या वेळी नैराश्य असल्याचे आढळले. त्यांतील सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून दूर होते.

ओळख. रुग्ण बहुधा शरीराची तक्रार घेऊन येतो. ‘अंग मोडून येतं’, ‘डोकं जड झालंय’, ‘जेवण जात नाही’, ‘कशात मन लागत नाही’, ‘टेन्शन आहे’ ही त्याची भाषा असते. वेदनाशामक गोळी, टॉनिक किंवा सलाइन घेऊन तो परततो आणि आजार तसाच राहतो. प्राथमिक पडताळणीसाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची सूची वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, यावरून ० ते ३ गुण देतात. एकूण २७ पैकी १० वा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करतात. केवळ गुणांवरून निदान होत नाही. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि दारूचे व्यसन हेही पाहावे लागते. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना धावपळीचा काळ येऊन गेला का, हे विचारणे आवश्यक असते. कारण द्विध्रुवी विकारात नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी उन्माद उफाळू शकतो.

पाळीचे काम. काही ठिकाणी लक्षणे कामाच्या धबडग्यात झाकली जातात. नाशिकजवळच्या एकलहरे येथे १९७० पासून औष्णिक वीजकेंद्र आहे. असे केंद्र दिवसरात्र चालते, त्यामुळे पाळ्या अटळ असतात. रात्रपाळी करणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येणे हे नैराश्याचे ठळक लक्षण. पण ज्याची झोपेची वेळच पाळीगणिक बदलते, त्याच्या बाबतीत ते ओळखणार कसे? घरचेही ‘पाळीचा शीण आहे’ म्हणून सोडून देतात. अशा वेळी सुटीचा दिवस उपयोगी पडतो. पुरेशी झोप झाल्यावर शीण उतरतो. नैराश्यात झोप होऊनही मित्रांच्या कट्ट्यावर जावेसे वाटत नाही, आवडीचे कालवण पुढे आले तरी हात चालत नाही.

लवकर उपचारांचे महत्त्व. उपचार न केल्यास एक झटका अनेक महिने टिकू शकतो. दरम्यान खाडे, कर्ज, दारू आणि घरातील ताण वाढतात व तेच पुढे आजाराला खतपाणी घालतात. उपचारांविना जितका काळ जातो, तितका पूर्ण बरे होण्यात अडथळा येतो. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते पुन्हा होते आणि प्रत्येक झटक्यागणिक ही शक्यता वाढते. सौम्य अवस्थेत पुष्कळदा समुपदेशन पुरते. तीव्र अवस्थेत औषधांची जोड लागते.

उपचार. ‘मन लागलं की करीन’ म्हणून रुग्ण थांबून राहतो. वर्तनावर आधारलेल्या समुपदेशनात हा क्रम उलटा करतात: आधी छोटे काम, मन मागून येते. सकाळी दारासमोर झाडणे, एका मित्राला फोन करणे, इतक्यापासून सुरुवात करून रोजची नोंद ठेवतात. फ्लुओक्झेटीन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकते, म्हणून अनेकजण गोळ्या सोडतात. बरे वाटल्यावरही त्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात.

गोवा व विदर्भातील अनुभव. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’मध्ये मनोविकारांचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले गेले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते आठ बैठकांची पद्धत असलेल्या गटात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते. नेहमीच्या सुधारित उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांची पार्श्वभूमी असलेल्या या गावांत कार्यकर्ते घरोघरी जात आणि लोकांच्याच शब्दांत ‘टेन्शन’ विषयी बोलत. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. वेळीच ओळख पटवण्याचे काम गावातला शिकवून तयार केलेला माणूस करू शकतो, हे दोन्ही प्रयोगांतून दिसले. मनोविकारतज्ज्ञ गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी पाठीशी राहतात.

आत्महत्येचा धोका व मदत. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत. धोका वाटल्यास रुग्णाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यासाठी सेवा पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. रुग्णाचा धीर होत नसल्यास घरच्या माणसानेही फोन करावा.