पिन्यांव

पिन्यांव : उत्तर पोर्तुगालमधील द्राक्षशेतीचे एक लहान गाव. दोरू नदीच्या उत्तर तीरावर, पिन्यांव ही उपनदी तिला मिळते त्या संगमावर ते वसले आहे. दोरूच्या खोऱ्यातील मद्यनिर्मितीच्या क्षेत्राची सीमा १७५६ मध्ये शासकीय आदेशाने आखण्यात आली. वरच्या दोरू खोऱ्यातील द्राक्षभूमीस २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

येथील डोंगर सुभाजा या खडकाचे, म्हणजे पापुद्र्यांसारखे थर सुटणाऱ्या दगडाचे, असून तो फोडून रचलेल्या कोरड्या बांधांच्या पायऱ्यांवर वेली वाढतात आणि त्यांची मुळे दगडाच्या भेगांतून खोलवरचे पाणी शोधतात. पिढ्यान्‌पिढ्या हातांनी उचललेले हे दगड हेच या खोऱ्याचे खरे वैभव होय.

सप्टेंबर–ऑक्टोबरमधील तोडणीचा हंगाम भेटीस सर्वांत योग्य ठरतो. काही मळ्यांत आजही लगार नावाच्या उथळ दगडी हौदात मजूर खांद्याला खांदा लावून, मांड्यांपर्यंत जांभळे होत, द्राक्षे तुडवतात. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचे ऊर्ध्वपातित मद्य मिसळून किण्वन थांबवतात, त्यामुळे अशा रीतीने तयार होणाऱ्या पोर्ट वाइनमध्ये नैसर्गिक साखर उरते. पूर्वी तिची पिंपे राबेलु या सपाट तळाच्या होड्यांतून पोर्तू शहराकडे जात. पुढे ही वाहतूक रेल्वे व रस्त्याकडे वळली आणि धरणांनी नदीचा प्रवाह संथ केला. गावाच्या रेल्वेस्थानकाच्या भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या अझुलेजु फरशांच्या २४ चित्रफलकांत तोडणीची व नदीकाठची जुनी दृश्ये रंगवलेली असून गाडीच्या वेळेआधी थोडे लवकर पोहोचून ती सावकाश पाहावीत.